वाचविलेल्या युनिटचे मोल
पालघर-तारापूर परिसराचा ऊर्जाहिशेब

तारापूर येथील अणुवीज केंद्राने २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर वीज देण्यास प्रारंभ केला. हे देशातील पहिले अणुवीज केंद्र होय. सुरुवातीच्या दोन संचांची मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॉट होती; ती पुढे १६० मेगावॉट ठरविण्यात आली. या संचांची वीज महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांना मिळू लागली. त्यानंतर ५४० मेगावॉटचे दोन भारतीय बनावटीचे संच याच किनाऱ्यावर उभे राहिले आणि २००५ व २००६ मध्ये ते कार्यान्वित झाले. डहाणू येथे ५०० मेगावॉट क्षमतेचे कोळशावरील औष्णिक केंद्र १९९५ पासून मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवू लागले. सूर्या नदीवरील धामणी धरणाच्या पायथ्याशी ६ मेगावॉटचे छोटे जलविद्युत केंद्र आहे. अणू, कोळसा आणि पाणी या तिन्ही मार्गांनी वीज निर्माण करण्याचा अनुभव एकाच जिल्ह्याच्या वाट्याला यावा, असे क्वचितच घडते.

हा सर्व भाग पूर्वी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा अस्तित्वात आला. सागरी, नागरी आणि डोंगरी असे तिन्ही प्रदेश त्यात आहेत. वसईपासून तलासरीपर्यंतचा किनारा, बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत, आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा या तालुक्यांतील आदिवासी गावे अशी त्याची रचना आहे. नव्या जिल्ह्याला नवे मुख्यालय, नव्या इमारती, नवे रस्ते व नव्या पाणीयोजना लागल्या. या प्रत्येक गोष्टीला वीज लागते. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेचे एक स्थानक बोईसर येथे योजिले आहे, आणि वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. तेव्हा विजेची मागणी यापुढे वाढतच जाणार हे उघड आहे.

अशा वेळी वीज आणखी कोठून आणावयाची हा प्रश्न सर्वांनाच सुचतो. त्याच्या आधीचा एक प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. आज येणाऱ्या विजेपैकी किती वीज खरोखर कामी येते? वीजबचतीचा आणि वातावरणीय बदलाला तोंड देण्याचा कोणताही स्थानिक कार्यक्रम या दुसऱ्या प्रश्नापासूनच सुरू व्हावयास हवा.

प्रत्येक युनिटची किंमत

वीज मोजण्याचे एकक सर्वांच्या परिचयाचे आहे. एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. तारापूरचा ५४० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर एका तासात ५ लाख ४० हजार युनिटे आणि एका दिवसात सुमारे १ कोटी ३० लाख युनिटे निर्माण होतात. हा आकडा मोठा वाटतो. परंतु ती वीज लक्षावधी घरे, कारखाने, गाड्या व पंप यांच्यात वाटली जाते.

वीजबिलावर युनिटचा दर छापलेला असतो. काही खर्च मात्र बिलावर दिसत नाही. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांतील कुटुंबांना आपली घरे, वाड्या व किनारा सोडून नव्या वसाहतीत जावे लागले. त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे अनेक वर्षे चालला आणि न्यायालयापर्यंत गेला. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणीय दृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला होता. तेथे कोळशाचे केंद्र चालवावयाचे तर फळबागा, शेती व समुद्र यांचे रक्षण कसे व्हावे, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाच्या ३१ ऑक्टोबर १९९६ च्या आदेशानंतर डिसेंबर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. या प्राधिकरणाच्या आग्रहामुळे केंद्राच्या धुरातील गंधकाची वायुरूप द्रव्ये समुद्राच्या पाण्याने धुऊन काढणारी यंत्रणा २००७ मध्ये कार्यान्वित झाली.

कोळशाच्या धुरातील कर्बवायू मात्र अशा यंत्रणेने अडत नाही. तो वातावरणात साठून राहतो आणि पृथ्वीची उष्णता अडवितो. देशातील सर्व प्रकारच्या वीज केंद्रांची सरासरी काढली तर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कर्बवायू बाहेर पडतो. अणुवीज केंद्र चालताना असा वायू निर्माण होत नाही. पण सर्व केंद्रांची वीज एकाच जाळ्यात मिसळते आणि कोणत्या घरातील दिवा कोणत्या केंद्रावर जळतो हे वेगळे सांगता येत नाही. म्हणून पालघरमध्ये वाचलेल्या युनिटचा लाभही साऱ्या जाळ्याला मिळतो.

वाचविलेल्या युनिटचे खरे मोल यावरून कळते. त्याला जमीन लागत नाही, त्यासाठी कोणाला घर सोडावे लागत नाही, कोळसा जाळावा लागत नाही. विजेसाठी इतके मोल मोजलेल्या जिल्ह्यात हा विचार सहज पटण्यासारखा आहे.

बचत म्हणजे अंधार नव्हे

ऊर्जासंवर्धन म्हटले की दिवे मालवा, पंखे बंद ठेवा, असा उपदेश अनेकांना आठवतो. रिकाम्या खोलीतील दिवा मालवावा हे योग्यच आहे. परंतु ऊर्जा कार्यक्षमता ही त्याहून वेगळी आणि अधिक व्यापक कल्पना आहे. तेवढाच प्रकाश, तेवढेच पाणी, तेवढेच उत्पादन कमी विजेत मिळविणे म्हणजे कार्यक्षमता. ज्या पाड्यावर मुळात एकच दिवा आहे, तेथील कुटुंबाला बचतीचा उपदेश करणे अन्यायाचे होईल. त्या कुटुंबाला अधिक वीज मिळावयास हवी, आणि जेथे ती वाया जाते तेथे वाचली तर ती मिळणे सोपे होईल.

या कामासाठी देशात कायद्याचा आधार आहे. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये संमत झाला आणि १ मार्च २००२ रोजी केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना झाली. महाराष्ट्रात या अधिनियमाखालील काम महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजेच महाऊर्जा, या संस्थेकडे सोपविण्यात आले. २००६ पासून विजेच्या उपकरणांवर ताऱ्यांची खूण येऊ लागली. २००७ मध्ये मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जाविषयक बांधकाम संहिता तयार झाली. २०१२ पासून मोठ्या कारखान्यांना वीज व इंधन कपातीची उद्दिष्टे ठरवून देण्यात आली. २०२२ च्या दुरुस्तीने कर्बवायूच्या व्यापारासाठी कायद्यात तरतूद झाली.

धोरणाचा लाभ सामान्य माणसापर्यंत कसा पोहोचतो याचे उत्तम उदाहरण एलईडी दिव्याचे आहे. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत अशा एका दिव्याची किंमत सुमारे ३१० रुपये होती. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेत कोट्यवधी दिव्यांची एकत्रित खरेदी झाली आणि अवघ्या दोन वर्षांत तीच किंमत चाळीस रुपयांच्या आसपास आली. या योजनेत देशभर ३६ कोटींहून अधिक दिवे वाटण्यात आले. एकत्र येऊन खरेदी केली की महाग वस्तू स्वस्त होते, हा सहकाराचाच धडा येथे उपयोगी पडला.

पथदिवे आणि पंचायतीची तिजोरी

नगरपरिषद असो वा ग्रामपंचायत, तिच्या वीजखर्चाच्या दोन मोठ्या बाबी असतात. पहिली पथदिव्यांची आणि दुसरी पाणीपुरवठ्याची. राज्यातील अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची थकबाकी इतकी वाढली की २०२१ मध्ये जोडण्या तोडण्याची वेळ आली. ही देयके पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरावीत, असा निर्णय त्या वर्षी झाला. गावच्या विकासासाठी आलेला पैसा बिलात गेला की गटार, अंगणवाडीची दुरुस्ती किंवा शाळेची भिंत मागे पडते. पथदिव्यांचा विचार अंदाजपत्रकाच्या दृष्टीनेही करावयाचा तो यासाठीच.

एका ग्रामपंचायतीत ७० वॉटचे १०० जुने सोडियम दिवे आहेत असे समजू. चोकचा खर्च धरून असा दिवा सुमारे ८४ वॉट वीज घेतो. त्याच्या जागी २४ वॉटचा एलईडी दिवा बसविला तर दिव्यामागे ६० वॉट वाचतात. शंभर दिव्यांमागे ६ किलोवॉट. दिवे रोज ११ तास जळत असतील तर एका रात्रीत ६६ युनिटे आणि वर्षात २४,०९० युनिटे वाचतील. युनिटचा दर सात रुपये धरला तर ही रक्कम १ लाख ६८ हजार रुपयांवर जाते. सुमारे १७ टन कर्बवायूही टळतो.

एवढ्यावर काम संपत नाही. दिवे दिवसा जळत राहिले तर बचत उलट्या वाटेने निघून जाते. वरील शंभर एलईडी दिवे सूर्योदयानंतर रोज एक तास जळत राहिले तर वर्षाला ८७६ युनिटे निष्कारण खर्च होतात. स्वयंचलित चालू-बंद यंत्रणा बसविणे, निदान ती जबाबदारी एका ठराविक कर्मचाऱ्याकडे देणे, हा त्यावरील साधा उपाय आहे. दिवा बसविण्याचा समारंभ एका दिवसाचा असतो. त्याची देखभाल अनेक वर्षांची असते. त्यामुळे कंत्राटदाराशी करार करताना बंद पडलेला दिवा किती दिवसांत दुरुस्त होईल, न झाल्यास काय, आणि बचतीची मोजणी कोण करील, या तीन गोष्टी करारात लेखी असाव्यात. दिवा बंद पडल्याने झालेल्या अंधाराला बचत म्हणता येत नाही. बोईसर, सरावली, खैरापाडा यांसारख्या गावांत कामगार रात्रपाळीहून परततात. त्यांच्यासाठी आणि विशेषतः स्त्रियांसाठी रस्त्यावरचा उजेड ही सुरक्षिततेची बाब आहे.

पाण्यात दडलेली वीज

पालघर जिल्ह्याच्या पाण्याचा मोठा आधार सूर्या नदी आहे. पालघर शहर व परिसरातील २६ गावांची संयुक्त पाणीपुरवठा योजना या नदीवर अवलंबून आहे. वसई-विरार व मीरा-भाईंदर या शहरांसाठी दररोज ४० कोटी ३० लाख लिटर क्षमतेची प्रादेशिक योजनाही याच पाण्यावर आखण्यात आली. नळातून पाणी येते तेव्हा त्यामागे चाललेल्या पंपाची आठवण सहसा कोणाला होत नाही. परंतु पाणी उंचावर चढविणे हे विजेचे काम आहे, आणि ते किती विजेत व्हावे याचे साधे गणित आहे.

एक हजार लिटर पाणी एक मीटर उंच चढविण्यास, काहीही वाया गेले नाही तर, २.७ वॉट-तासांहून किंचित अधिक वीज लागते. समजा एका गावास रोज ५ लाख लिटर पाणी ४० मीटर उंचीच्या टाकीत चढवावयाचे आहे. त्यासाठी रोज सुमारे साडेचौपन्न युनिटे पुरेशी ठरावीत. प्रत्यक्षात पंप, मोटार व नळ यांत काही वीज वाया जातेच. सर्व व्यवस्थेची कार्यक्षमता ६० टक्के असेल तर रोज ९१ युनिटे लागतील. पंप जुना, पंख्याची पाती झिजलेली, मोटार अनेकदा गुंडाळलेली आणि कार्यक्षमता ४० टक्क्यांवर आलेली असेल, तर त्याच कामास १३६ युनिटे लागतील. हा ४५ युनिटांचा रोजचा फरक वर्षाला साडेसोळा हजार युनिटांवर जातो.

गळतीचेही असेच आहे. टाकीत चढलेल्या पाण्यापैकी पाचवा हिस्सा वाटेत गळाला, तर त्या पाण्याबरोबर रोज २७ युनिटे जमिनीत मुरतात. फुटलेल्या नळाची दुरुस्ती हे म्हणून एकाच वेळी पाणी वाचविण्याचे आणि वीज वाचविण्याचे काम आहे. मोखाडा व जव्हार तालुक्यांत पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्या भागात गळणारे पाणी आणि वाया जाणारी वीज या दोन्ही गोष्टी अधिकच बोचतात.

हे गणित पाणीपुरवठा समितीला सहज करता येते. तिच्याकडे तीन नोंदी असल्या म्हणजे पुरे: रोज किती लिटर पाणी उपसले, किती उंचीवर चढविले आणि मीटरवर किती युनिटे पडली. या तीन आकड्यांवरून पंप आरोग्यवान आहे की आजारी आहे हे ठरविता येते. नवा पंप खरेदी करतानाही केवळ किमतीकडे पाहू नये. पंप दहा-पंधरा वर्षे चालतो आणि त्या काळात त्याच्या विजेचा खर्च खरेदीच्या किमतीच्या अनेक पट होतो.

कारखान्यांतील गळती

बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, वस्त्रोद्योग, रंगकाम व पोलाद यांचे कारखाने आहेत. कोलवडे, कुंभवली, सालवड, पास्थळ ही गावे या वसाहतीच्या परिसरातील आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशातील औद्योगिक क्षेत्रांत सर्वाधिक प्रदूषित ठरले. या आकड्याने साऱ्यांचे लक्ष सांडपाण्याकडे व धुराकडे वेधले, आणि ते योग्यच होते. परंतु सांडपाणी, धूर आणि इंधनाचा खर्च हे तीन वेगळे प्रश्न नाहीत. ज्या कारखान्यात वाफ वाया जाते तेथे जास्त इंधन जळते. जेथे जास्त इंधन जळते तेथे जास्त धूर निघतो.

वस्त्रे रंगविणाऱ्या कारखान्याचे उदाहरण घ्यावे. तेथे बॉयलरमधून वाफ येते, काम करून थंड होते आणि तिचे गरम पाणी बनते. हे पाणी गटारात सोडले तर त्यातील उष्णता फुकट जाते. ते बॉयलरकडे परत आणले तर इंधन वाचते. बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचे तापमान सहा अंशांनी वाढले की इंधनात सुमारे एक टक्का बचत होते, हा अभियंत्यांचा नेहमीचा ठोकताळा आहे. ३० अंशांचे पाणी ६० अंशांवर आणले तर पाच टक्के इंधन वाचेल. पाणी परत वापरले गेल्याने सांडपाणीही कमी होईल.

कॉम्प्रेसरची हवा ही कारखान्यातील सर्वांत महाग वस्तूंपैकी एक आहे, कारण ती तयार करताना बहुतेक वीज उष्णतेच्या रूपाने निघून जाते. नळीला पडलेल्या तीन मिलिमीटरच्या छिद्रातून नेहमीच्या दाबाची हवा सतत गळत राहिली तर सुमारे तीन किलोवॉट वीज वाया जाते. वर्षातून ३०० दिवस, दिवसरात्र चालणाऱ्या कारखान्यात हे एक छिद्र २१,६०० युनिटे गिळते. शंभर पथदिवे बदलून ग्रामपंचायत वर्षाला जेवढी वीज वाचविते, जवळजवळ तेवढीच वीज कारखान्यातील एका छिद्रातून निघून जाऊ शकते. ते बुजविण्यास दहा मिनिटे आणि एक नवा सांधा पुरतो. पाळी बदलताना यंत्रे थांबतात तेव्हा गळतीचा फुस्स आवाज कानाने ऐकू येतो. तो ऐकून खूण करण्याचे काम साध्या कामगारालाही देता येते.

पंख्यांच्या बाबतीत आणखी एक नियम उपयोगाचा आहे. हवा फेकणाऱ्या मोठ्या पंख्याचा वेग २० टक्क्यांनी कमी केला तर त्याची विजेची गरज जवळजवळ निम्म्यावर येते. हवेची झडप अर्धी बंद ठेवून पंखा पूर्ण वेगाने चालविणे म्हणजे एक पाय ब्रेकवर ठेवून गाडी हाकण्यासारखे आहे. वेग नियंत्रित करणारे उपकरण बसविले तर हा अपव्यय टळतो. १ एप्रिल २०२० पासून राज्यातील उच्चदाब ग्राहकांची देयके केव्हीएएच पद्धतीने आकारली जाऊ लागली. पॉवर फॅक्टर सांभाळणाऱ्या कारखान्याला त्यामुळे थेट लाभ आणि न सांभाळणाऱ्यास थेट भुर्दंड होतो.

मोठे कारखाने ऊर्जा व्यवस्थापक नेमू शकतात. लहान कारखानदाराजवळ ना तज्ज्ञ असतो ना भांडवल. ही अडचण ओळखून केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी १,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. कार्यक्षम यंत्रे घेण्यासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजात सूक्ष्म व लघु उद्योगांना ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत देण्याची तीत तरतूद आहे. तारापूरसारख्या वसाहतीत उद्योजकांच्या संघटनेने एकत्रित ऊर्जा लेखापरीक्षण घडवून आणले तर प्रत्येक लहान कारखान्यावरील तपासणीचा खर्च बराच कमी होईल.

कार्यालय, शाळा आणि घर

पालघर येथील नव्या जिल्हा मुख्यालयाच्या इमारतींचे उद्घाटन १९ ऑगस्ट २०२१ रोजी झाले. सिडकोने त्या उभारल्या आणि त्यांच्या परिसरात ४४० हेक्टरवर नवे नगर योजण्यात आले. नव्याने वसणाऱ्या नगराला एक मोठी सवलत असते. ती म्हणजे चुका दुरुस्त करण्याऐवजी टाळता येतात. इमारतीचे तोंड, खिडक्यांवरील सज्जे, गच्चीवरील पांढरा लेप, भोवतीची झाडे या गोष्टी बांधतानाच ठरल्या तर पुढील पन्नास वर्षे वातानुकूलनाचा खर्च कमी राहतो. कोकणातील जुन्या घरांची उतरती कौले, पुढची पडवी आणि उंच जोते यांमागे हाच अनुभव होता.

शाळेत या विषयाचे शिक्षण फळ्यापेक्षा मीटरपाशी अधिक चांगले होते. आठवड्यातून एकदा विद्यार्थ्यांनी शाळेच्या मीटरची नोंद घ्यावी, त्याचा आलेख काढावा आणि एखाद्या आठवड्यात वीज अधिक का लागली हे शोधावे. जुना पंखा ७५ वॉट घेतो, नव्या बनावटीचा सुमारे ३० वॉट. शाळेतील २० पंखे बदलले आणि ते दिवसाला ६ तास, वर्षाला २२० दिवस चालले, तर किती युनिटे वाचतील, हे उदाहरण सातवीच्या वर्गालाही सुटेल. उत्तर १,१८८ युनिटे येते. १४ डिसेंबर या राष्ट्रीय ऊर्जासंवर्धन दिनी केवळ घोषवाक्यांची स्पर्धा न घेता असा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला, तर मुलांचा अभ्यास गावाच्या उपयोगी पडेल.

घराच्या छपरावर सौर संच बसविण्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत ३ किलोवॉटच्या संचास ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठरविण्यात आले. येथेही क्रम महत्त्वाचा आहे. आधी दिवे, पंखे व शीतकपाट कार्यक्षम करावेत आणि मग उरलेल्या गरजेपुरता संच घ्यावा; म्हणजे लहान संचावर काम भागते.

गावे एकत्र येऊन विजेचा वापर आवरू शकतात याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. २००५ च्या सुमारास राज्यात भारनियमन कडक असताना अक्षय प्रकाश योजना राबविण्यात आली. सायंकाळी पंप व जड उपकरणे चालवावयाची नाहीत असे गावाने ठरवावयाचे आणि त्या बदल्यात गावाला दिव्यांसाठी अखंड वीज मिळावयाची, असा तो करार होता. एका शेतकऱ्याने पंप लावला तर साऱ्या गावाचा उजेड जाई. म्हणून गावकरीच परस्परांवर लक्ष ठेवीत. बचतीचा लाभ ज्याला होतो त्यालाच तिची जबाबदारी दिली की यश येते, हे त्या प्रयोगाने दाखविले.

मीटरपासून वातावरणापर्यंत

वातावरणीय बदल हा दूरचा विषय आहे असे पालघरच्या किनाऱ्याला वाटण्याचे कारण उरलेले नाही. सातपाटीच्या मच्छीमार वस्तीत उधाणाच्या भरतीचे पाणी शिरते आणि बंधाऱ्याची काळजी दर पावसाळ्यात घ्यावी लागते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा घरे, बागा, होड्या आणि विजेच्या तारा या सर्वांची हानी झाली. तारा तुटल्या की पाण्याचा पंप थांबतो व बर्फाचा कारखानाही बंद पडतो. ज्या ऊर्जेच्या अतिवापराने वातावरण बदलते, तिचाच पुरवठा बदललेले वातावरण प्रथम खंडित करते.

स्थानिक स्वराज्य संस्थांना या कामात स्थान मिळावे म्हणून राज्याच्या पर्यावरण विभागाने २ ऑक्टोबर २०२० रोजी माझी वसुंधरा अभियान सुरू केले. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांवर नगरपरिषदा व ग्रामपंचायती यांच्या कामाचे मूल्यमापन त्यात केले जाऊ लागले. यांतील अग्नी म्हणजे ऊर्जा. मुंबई महानगराचा वातावरण कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या शहराच्या एकूण उत्सर्जनापैकी सात-दशांशाहून अधिक भाग इमारतींत व उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा असल्याचे त्यात आढळले. डहाणूच्या कोळशाची वीज मुंबईच्या उपनगरांत गेली. म्हणून मुंबईने वाचविलेले युनिट डहाणूचे आकाशही स्वच्छ करते. शहर आणि जिल्हा यांचे हित येथे एकच आहे.

गुणांकनासाठी केलेले काम आणि हिशेबासाठी केलेले काम यांत मात्र फरक आहे. झाड लावल्याचे छायाचित्र काढता येते. वाचलेल्या युनिटचे छायाचित्र निघत नाही. त्याची साक्ष फक्त नोंदवहीत असते. म्हणून नगरपरिषदेने व प्रत्येक ग्रामपंचायतीने पुढील क्रमाने काम केल्यास ते टिकाऊ होईल.

पहिल्या टप्प्यात आपल्या नावावरील सर्व वीजजोडण्यांची यादी करावी. वापरात नसलेल्या जोडण्या बंद कराव्यात. दुसऱ्या टप्प्यात मागील बारा महिन्यांची युनिटे, केवळ रुपये नव्हेत, एका तक्त्यात मांडावीत. तिसऱ्या टप्प्यात पंप व पथदिवे यांची तपासणी करून घ्यावी. चौथ्या टप्प्यात बिनखर्चाची कामे, म्हणजे वेळापत्रक, गळतीची दुरुस्ती, दिवसा जळणारे दिवे, ही प्रथम उरकावीत आणि त्यातून वाचलेल्या पैशातून खर्चाची कामे घ्यावीत. अखेरीस वाचलेली रक्कम कशावर खर्च झाली हे ग्रामसभेत जाहीर करावे. वीजबिलातून वाचलेल्या पैशातून अंगणवाडीचे छप्पर झाले, हे गावाने डोळ्यांनी पाहिले म्हणजे पुढच्या वर्षीच्या बचतीसाठी वेगळा प्रचार करावा लागत नाही.

तारापूरची वीज प्रथम वाहू लागली तेव्हा या किनाऱ्याने देशाला निर्मितीचा एक नवा मार्ग दाखविला. त्या कामासाठी मोठी यंत्रे, परदेशी करार आणि निष्णात शास्त्रज्ञ लागले. वाचविलेल्या विजेसाठी यांपैकी काहीही लागत नाही. मीटर वाचणारा कर्मचारी, नोंदवही ठेवणारा ग्रामसेवक, प्रश्न विचारणारा सदस्य आणि मुलांना गणित घालणारा शिक्षक एवढी माणसे त्यासाठी पुरेशी आहेत, आणि ती प्रत्येक गावात आहेत.